पोरीनं स्वतः नाव घेतलं, तर

बार्शीतल्या आयाबापांना, आणि त्यातही ज्यांच्या मुली शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला गेल्या आहेत त्यांना, माझी हात जोडून विनंती आहे. सुट्टीला आलेल्या पोरीनं जेवता जेवता एखाद्या मुलाचं नाव घेतलं, तर ‘आपल्यातला हाय का?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. तो विचारला की पुढचं बोलणं खुंटतं. पोरगी तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायला बसली होती. तो कसा बोलतो, चिडला की काय करतो, कमाईचं काय करतो, हे सगळं ती सांगणार होती. आता ती भाकरीचा तुकडा मोडत गप्प बसते, आणि सोमवारी पहाटेची एसटी धरते. पुढच्या वेळी तिची बातमी तुम्हाला बाहेरून कळते.

मुलगा दुसऱ्या जातीचा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, केरळचा असेल, पुण्यात शिकायला आलेला आफ्रिकेतला असेल किंवा जर्मनीचा असेल. इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. परदेशातला गोरा जावई म्हटलं की आपण नाक मुरडत का होईना, फोटो मागवतो. काळ्या रंगाचा म्हटलं की फोटोही नको असतो. हा भेद आपल्या मनात आहे, आणि पोरींना तो दिसतो.

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. जात-धर्मापेक्षाही आईबापांना घाव बसतो तो पोरगी न लाजता बोलते याचा. ती मान खाली घालून रडत आली असती, ‘चूक झाली’ म्हणाली असती, तर तिला पोटाशी धरलं असतं. ती ताठ बसून म्हणते, ‘मला तो आवडतो, मला त्याच्याबरोबर राहायचंय.’ हे सहन होत नाही. मग घरात एकच गोष्ट रचली जाते : त्यानं फूस लावली. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीतही तेच शब्द येतात, फूस लावून पळवलं. त्या वाक्यात मुलीला मन नसतं, इच्छा नसते. ती कुणीतरी उचलून नेलेली वस्तू असते. जिला तुम्ही बारावी सायन्सला बसवलंत, स्कूटी घेऊन दिलीत, तिच्याबद्दल असं लिहून देताना हात थांबायला हवा.

आपल्या जिल्ह्याचं सगळ्यांत मोठं प्रेमप्रकरण आठवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यातले ते एक. तिथं 1940 मध्ये त्यांची क्वो छिंगलान या तरुणीशी ओळख झाली. ती परिचारिकांना शिकवायची. चिनी सैनिकांवर उपचार करताना वारलेले कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघं भेटली आणि या परदेशी डॉक्टरचं चिनी बोलणं ऐकून तिला नवल वाटलं. एका बाजूला रोज जखमी सैनिक येत होते, औषधं अपुरी होती, आणि त्यात या दोघांनी 1941 मध्ये लग्न केलं. कुंडली, पोटजात, गावकी यांतलं काहीही तिथं नव्हतं. दोन माणसांनी एकमेकांना पाहिलं, काम करताना पारखलं आणि ठरवलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही त्या एका नावात. त्याच डिसेंबरात कोटणीस गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. छिंगलान 2012 पर्यंत जगली. ती भारतात आली, कोटणीसांच्या घरच्यांशी तिनं नातं ठेवलं, त्यांच्या आठवणी लिहिल्या.

सोलापुरात कोटणीसांचं स्मारक आहे. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला. आपण शाळेच्या सहली स्मारकाला नेतो आणि मुलांना त्यागाची गोष्ट सांगतो. प्रेमाची का सांगत नाही? ती बाई हुशार होती, तिला तो पुरुष आवडला आणि दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या वर्णाचा असूनही तिनं त्याला आपला मानला. हेही त्या स्मारकात आहे. पोरांना हेही सांगा.

बाईच्या इच्छेची ओळख आपल्याला बाहेरून करून घ्यायला नको, लावणी तर आपलीच आहे. पेशवाईतला शाहीर राम जोशी सोलापूरचा, ब्राह्मण घरातला, आणि तमाशाच्या फडात गेला. मोडनिंबची कला केंद्रं आपल्या बार्शीपासून दूर नाहीत. लावणीतली बाई स्वतःच्या तोंडानं हवंनको सांगते, रात्र मागते, रुसते, आणि माणसं फेटे उडवतात. म्हणजे बाईला इच्छा असते हे आपल्याला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. फक्त ती फडातच असावी, घरात नसावी, असं आपण ठरवून टाकलं. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि स्त्रीलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे असं छापून सांगितलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. दंड झाला, पण कर्वे 1953 मध्ये जाईपर्यंत मासिक काढत राहिले. आज नव्वदहून अधिक वर्षांनी आपल्या घरात तेवढंही बोलणं होत नाही.

पुरुषांना, विशेषतः नवीन लग्न झालेल्यांना, दोन शब्द. बायकोनं जवळ येण्यात पुढाकार घेतला तर ‘हिला हे सगळं कसं माहीत?’ असा संशय मनात आणू नका. तिला हवं ते ती सांगते आहे, याचा अर्थ तिचा तुमच्यावर भरवसा आहे. तिला काय आवडतं ते विचारा. ती ‘आज नको’ म्हणाली तर नको, मग लग्नाला दोन दिवस झालेले असोत नाहीतर वीस वर्षं. आणि तिचं बोलणं मित्रांच्या कट्ट्यावर नेऊ नका. एकदा ते बाहेर गेलं की ती पुन्हा कधीच बोलणार नाही, आणि तो दोष तिचा नसेल.

न बोलण्याची किंमत काय असते हे बार्शीला कुणी वेगळं सांगायला नको. आपल्या गावातल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आले. एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली तपासणीसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी करते, हे आपल्या भागातल्या बायकांमुळे जगाला कळलं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. तरी अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, हे नवऱ्याला सांगायला बाई लाजते आणि महिने जातात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं तपासणी करून घ्यावी. नवऱ्यानं सोबत जावं.

आता कायद्याचं. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण असेल तर लग्नाला आईबापांची सही लागत नाही. दोघं हिंदू असतील आणि जात वेगळी असेल तर हिंदू विवाह कायद्यानं लग्न होतं. धर्म किंवा देश वेगळा असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे : जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तीस दिवसांचा काळ, तीन साक्षीदार. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटिशीवर हरकत घेता येते, पण ती वयाची, आधीच्या लग्नाची, जवळच्या नात्याची, मानसिक अवस्थेची. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत चालत नाही. जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जिवाला धोका वाटला तर 112 ला फोन करा.

आणि पोरींनो, तुम्हालाही. निडर असणं चांगलं, घाई नको. तो तुमचं नाव स्वतःच्या आईसमोर घेतो का, ते बघा. त्याच्या घरी एकदा दिवसभर राहून या. स्वतःची नोकरी आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं सोडू नका. संबंध ठेवणार असाल तर निरोध वापरा, आणि लग्नाआधी दोघांनी रक्ताची तपासणी करा, एचआयव्हीचीसुद्धा. या तपासणीला तो ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणत टाळाटाळ करू लागला, तर लग्नाची तारीख पुढे ढकला.