साडीची उधारी आणि अकरावीचं अकाउंट्स

कोलकात्यात पोयला बैशाखला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या बंगाली नववर्षाला, दुकानदार लाल कापडी बांधणीची नवी वही घेऊन कालीघाट नाहीतर दक्षिणेश्वरच्या मंदिरात जातात. हाच हालखाता, आपल्या दिवाळीतल्या वहीपूजनासारखा. नेहमीची गिऱ्हाइकं जुनी उधारी फेडतात आणि मिठाईचा पुडा, कॅलेंडर घेऊन घरी येतात.

माझी मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीत गेली होती. ‘घेणारा नावे, देणारा जमा’ घोकायची आणि तेरीज जुळली नाही की वही मिटून रडायची. कॉमर्सच सोडते म्हणाली. मी तिला गडियाहाटच्या साडीच्या दुकानात सोबत नेलं. माझी ३,००० रुपयांची उधारी होती, २,००० दिले.

परतताना विचारलं, ‘‘दुकानदाराला आज माझ्याकडून उत्पन्न किती झालं?’’

‘‘दोन हजार!’’

खरी शिकवणी इथे सुरू झाली. साडी विकली तेव्हाच विक्री वहीत लागली होती. आज फक्त येणं कमी झालं आणि रोकड वाढली. रोख खातं नावे २,०००, माझं खातं जमा २,०००. उरलेले १,००० नव्या वहीत ओढले जाणार. मिठाईचा पुडा मात्र दुकानाचा खर्च! (पुडा तोवर रिकामा झाला होता.)

दुसरा गोंधळ पासबुकाचा. आपण भरलेले पैसे तिथे जमेला दिसतात आणि पुस्तक म्हणतं, बँक खातं नावे. मग खरं कोण? दोघंही. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, तिच्या लेखी ते आपलं देणं आहे. वर्गात एकाला बँक आणि दुसऱ्याला व्यापारी करून एकच व्यवहार दोघांना लिहायला लावला, तर हे दहा मिनिटांत कळतं. नियम त्यानंतर पाठ करावेत.

तेरीज जुळली नाही तर सगळं पुसू देऊ नका, आधी फरक बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेली असेल.

त्या महिन्यापासून घरखर्चाची वही मुलीकडे दिली. पहिल्याच महिनाअखेरीला पाकिटात वहीपेक्षा १८ रुपये कमी निघाले. मी म्हटलं, जाऊ दे गं. ती तासभर शोधत बसली. भाजीचे ५३ रुपये तिने ३५ लिहिले होते.