हार्ट फेल्युअर : रिपोर्टचा आकडा सगळ्यांना सारखाच लागू होतो का?

कोठी (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, भैंसा, आदिलाबादकडून हृदयाचे पेशंट उस्मानिया आणि कोठी परिसरातल्या दवाखान्यांत येतात, तेव्हा फाइलमध्ये बऱ्याचदा एक रिपोर्ट असतो : एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो. ओपीडीतल्या पेशंटचा आकडा १२५ च्या खाली किंवा अचानक धाप लागून आलेल्याचा ३०० च्या खाली असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात.

पण ही पट्टी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या पेशंटवरून ठरली, आणि तिथेही ती सगळ्यांना सारखी बसत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत हा घटक गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो. हार्ट फेल्युअरचा धोका मात्र त्यांनाच जास्त. लठ्ठ माणसात आकडा खाली राहतो, वय वाढलं किंवा किडनी बिघडली की वर जातो. म्हणून पायावर सूज आणि धाप असताना नुसता 'नॉर्मल' रिपोर्ट बघून घरी बसू नये.

मग आपल्याकडे जास्त माणसं दगावतात ती रक्तातल्या फरकामुळे? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इंटर-सीएचएफ अभ्यासात १६ देशांतले ५,८२३ पेशंट होते. वर्षभरात भारतातले २३ टक्के गेले, चीनमधले ७ टक्के. वय, आजार, औषधं हे सगळं हिशेबात धरूनही या फरकाचा मोठा भाग उलगडला नाही.

जो भाग उलगडतो, तो आपल्या हातातला आहे. देशातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ पेशंटच्या नोंदींत ९० दिवसांत १४.२ टक्के मृत्यू झाले. हृदयाची पंपिंग कमी झालेल्यांपैकी निम्म्यांहून कमी पेशंटना पूर्ण औषधं मिळत होती. कमी शिकलेल्यांत मृत्यू जास्त होते.

सीमेवरच्या माणसाची अडचण नेमकी इथेच आहे. आरोग्यश्री तेलंगणाची, महात्मा फुले योजना महाराष्ट्राची. दोन्हींचा भर ऍडमिट होऊन घ्यायच्या उपचारांवर. घरी आल्यावर जन्मभर चालणाऱ्या गोळ्यांचं काय? खर्च परवडत नाही, हैदराबादची फेरी जमत नाही, बरंही वाटायला लागतं, आणि गोळ्या बंद पडतात. हैदराबादेत लिहून दिलेल्या त्याच गोळ्या देगलूरच्या किंवा भैंशाच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला मिळाल्या, तर कितीतरी जीव वाचतील. दोन्ही सरकारांकडे मागणी करायची तर हीच.

तोवर घरच्यांनी एवढं करावं : रोज सकाळी वजन लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.