आधी लगीन ऑफिसचं

विंडोज 10चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आणि पुण्यातल्या सोसायट्यांची कार्यालये, शाळांचे संगणक कक्ष, छोट्या संस्थांची टेबले यांच्यापुढे एकच पेच उभा राहिला. संगणक ठणठणीत चालतो आहे, पण विंडोज 11 त्याला दारात उभे करत नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असला की तो सहसा नियमातच बसत नाही. घरगुती ग्राहकांना मुदतवाढ मिळाली, तीही ऑक्टोबर 2026पर्यंत. मग कोणाचा तरी इंजिनीअरिंगला असलेला भाचा मुक्त प्रणालीचा पर्याय सुचवतो, ‘लिनक्स टाका की!’

सल्ला योग्यच आहे. बिघडते ते पुढच्या वाक्यापासून, कारण लगेच चर्चा सुरू होते ती डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, कोणता: ग्नोम घ्यावा, केडीई प्लाझ्मा घ्यावा की लिनक्स मिंटचा सिनॅमन याची.

हा वाद जुना आणि तसा रंगतदार. 1996 साली केडीई सुरू झाले. ते ज्या क्यूट या सॉफ्टवेअर-संचावर उभे होते, त्याच्या परवान्यावर आक्षेप घेत 1997 साली ग्नोम निघाले. 2011मध्ये ग्नोम 3ने पडद्याची सगळी मांडणीच बदलली, तेव्हा रागावलेल्यांनी माटे आणि सिनॅमन असे दोन नवे संसार थाटले. पुण्यालाही या मंडळींचे अगत्य आहे. फेब्रुवारी 2024मध्ये केडीईची भारतीय परिषद सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारातच भरली होती. या विषयावर तासन्‌तास बोलता येते आणि पुण्यात बोलणाऱ्यांची वानवा कधीच नसते.

पण सोसायटीच्या क्लार्कला याचे काय? त्याच्या दृष्टीने डेस्कटॉप म्हणजे पत्राची फाइल उघडण्याची आणि प्रिंट देण्याची जागा. मेनू खाली असो वा वर, आठवड्याभरात हात बसतो. हात बसत नाही तो वीस वर्षांच्या फायलींवर: सभांची इतिवृत्ते, थकबाकीच्या नोटिसा, प्रश्नपत्रिका, निकालपत्रके. मुक्त प्रणालीकडे जाणे जमते की फसते, ते या फायलींवर ठरते.

या फायलींचा इतिहास तर थेट पुण्याचाच. श्री-लिपी हे मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर इथल्या मॉड्युलर इन्फोटेकचे, तसेच आयएसएम हे इथल्याच सी-डॅकचे. मराठी डीटीपी उभे राहिले ते या दोघांच्या बळावर, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची छपाई त्याशिवाय कल्पनेतही येणार नाही. मात्र युनिकोड या समान संकेतप्रणालीच्या आधीचे हे फॉन्ट स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांवर चालत. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी पत्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा दाखवते. त्यावर कोणताही डेस्कटॉप हा इलाज नाही. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणणे आणि एकदा डोळ्यांखालून घालणे, एवढाच उपाय. काम कंटाळवाणे आहे, पण ते विंडोजवर राहिले तरी करावे लागणारच.

लिनक्सवर मराठी दिसते त्यातही मॉड्युलरचा हात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोहित फॉन्ट मुळात त्यांचेच. लिनक्स कंपनी रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली आणले आणि 2011मध्ये परवाना आणखी मोकळा केला. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या मंडळींनी त्यांची वर्षानुवर्षे निगा राखली.

तरीही लिबरऑफिस हा मुक्त ऑफिस संच उघडून मराठी टंकायला बसले की पहिली ठेच लागतेच. त्यात रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या ‘जटिल’ लिप्यांचा वेगळा ठरवावा लागतो. अनेक जण पहिलाच बदलतात आणि मराठी अक्षर जागचे हलत नाही म्हणून सॉफ्टवेअरला दोष देतात. दुसरी गोष्ट भाषेची. जटिल लिपीची भाषा अनेकदा हिंदी अशी ठरलेली असते, आणि ल व श हिंदी वळणाचे उमटतात. 10 नोव्हेंबर 2022च्या शासन निर्णयाला तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा आहे. पर्यायांत जाऊन भाषा मराठी केली आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असली की अक्षरे आपोआप बदलतात.

पानांचा हिशेबही तपासावा. मायक्रोसॉफ्टच्या कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया ठेवले तर इंग्रजी पत्राची ओळ सहसा हलत नाही, कारण ही अक्षरे त्याच रुंदीची बनवली आहेत. देवनागरी मंगलला असा तंतोतंत जोडीदार नाही. दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर सांडते आणि शिपायाला पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात पळावे लागते. मुक्त फॉन्ट आधीच ठरवून तोच सगळीकडे वापरला तर ही कटकट उद्भवत नाही.

फाइल कोणत्या स्वरूपात जपायची, याबद्दल भारताने एकदा ठाम भूमिका घेतली होती. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला जागतिक मानक करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध 2007मध्ये आणि पुन्हा 2008मध्ये आपण मत दिले. प्रस्ताव तरीही मंजूर झाला. आज संस्थेच्या आत ओडीएफ हे मुक्त स्वरूप, बाहेर पाठवायला पीडीएफ आणि समोरच्याला दुरुस्त्या करायच्या असतील तेव्हाच वर्डची डॉक्स फाइल, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी भांडणे मिटतात.

सगळ्यांनी मात्र या वाटेने जाऊ नये. टॅली विंडोजसाठी बनली आहे आणि जीएसटीच्या विवरणपत्रांचे ऑफलाइन साधन विंडोज व एक्सेल मागते. ज्या सीए कार्यालयाचा दिवस मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलमध्ये जातो, त्याला लिनक्स सुचवणारा माणूस त्या कार्यालयाचा हितचिंतक नव्हे. शाळा, ग्रंथालये, गृहनिर्माण संस्था, छोट्या सामाजिक संस्था यांची गोष्ट वेगळी.

त्यांची खरी अडचण सवयीची. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पुण्यात मुख्यालय असलेल्या एमकेसीएलचा. त्याने 2001नंतर महाराष्ट्राच्या गावोगावी संगणक नेला, आणि सोबत मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसची सवयही. केरळने शाळांतला आयटी विषय मुक्त प्रणालीवर आणला, त्यामुळे तिथल्या मुलांना लिनक्सचे अप्रूप नाही. आपल्याकडे निदान दोन्ही ऑफिसे शिकवली तर बिघडणार काय आहे?

सध्या ‘स्वदेशी’ हा मुद्दाही या चर्चेत मिसळला जातो. बॉस लिनक्स सी-डॅकचे म्हणून स्वदेशी आहे आणि डेबियन या मुक्त प्रणालीवर उभे असल्याने मुक्तही. झोहोचा ऑफिस संच भारतीय आहे, मुक्त नाही. तो ब्राउझरमध्ये चालतो, म्हणजे त्याच्यापुरता डेस्कटॉपचा प्रश्नच उरत नाही.

जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने 2024मध्ये सुमारे 30,000 सरकारी संगणकांसाठी मुक्त सॉफ्टवेअरकडे जाण्याचा निर्णय घेतला. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे: सुरुवात लिबरऑफिसपासून, मग मेल, लिनक्स त्यानंतर. पुण्यातल्या संस्थांनी हाच क्रम उचलावा. लिबरऑफिस विंडोजवरही चालते. आहे त्याच संगणकावर ते सहा महिने वापरावे, त्याची टॅबवाली मांडणी चालू करावी म्हणजे ते ओळखीचे वाटते, आणि कुठे अडते ते वहीत टिपावे. अडचणी सुटल्या की खालची प्रणाली बदलणे एका दुपारचे काम. जुन्या विंडोजवर इंटरनेट जपून वापरावे, हे ओघाने आलेच.

राहिला डेस्कटॉप. चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आठ जीबी असेल तर सिनॅमन किंवा प्लाझ्मा. विंडोजची सवय असलेल्यांना ग्नोम सुरुवातीला बुचकळ्यात टाकतो. निवडताना एक परीक्षा मात्र नक्की घ्यावी: मराठी-इंग्रजी कळफलक एका कळीवर बदलतो का. ग्नोममध्ये ही सोय आयबस या टंकन-साधनामार्फत अंगचीच असते, इतरत्र कधी ती हाताने जुळवावी लागते. रेमिंग्टनवर टंकलेखन शिकलेल्या माणसाला तर आधी बसवून पाहावे, मगच संगणक पुसावा. सोसायट्यांनी हे सप्टेंबरअखेरची वार्षिक सभा उरकल्यावर करावे, शाळांनी मेच्या सुट्टीत. एप्रिलमध्ये निकालपत्रके तयार होत असताना हा घाट घालणाऱ्या मुख्याध्यापकांना शिक्षक माफ करणार नाहीत.