वाईनचा घरगुती साठा : आधी जागा, मग बाटल्या

नवख्याने घरी वाईनचा साठा करायचा तर तो दहा-बारा बाटल्यांचा पुरे. त्यातही पहिला खर्च बाटल्यांवर नव्हे, तर त्या ठेवण्याच्या जागेवर व्हायला हवा. बाटलीत भरल्यानंतरही वाईन बदलत राहते. तो बदल सावकाश व्हावा एवढ्यासाठीच साठवणुकीची सारी खटपट. साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि स्थैर्य तिला मानवते. युरोपातल्या जुन्या तळघरांत हे फुकट मिळते. महाराष्ट्रात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नाशिकचाही चाळिशीला टेकतो. बंद फ्लॅटच्या माळ्यावरची बाटली असा एक उन्हाळा काढते तेव्हा फळाचा ताजेपणा जाऊन शिजवल्यासारखी चव येते. आतला द्रव प्रसरण पावून बूच वर सरकते, कधी बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ दिसतो. दुकानातही असा ओघळ दिसला की ती बाटली घेऊ नये.

स्वयंपाकघरातला फ्रिज महिना-दोन महिन्यांपुरता ठीक. त्यातली हवा कोरडी असल्याने पुढे बूच आक्रसते आणि हवा आत शिरते. वाईनसाठीचा छोटा कूलर घ्यायचा तर कॉम्प्रेसरचाच घ्यावा. कॉम्प्रेसरविना चालणारे स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक कूलर खोलीच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. म्हणजे ज्या दिवसांत त्यांची खरी गरज, त्याच दिवसांत ते हात टेकतात. कूलर परवडत नसेल तर सर्वांत थंड खोलीतल्या कपाटाचा तळाचा कप्पा बरा, पण तिथे फेब्रुवारीपर्यंत संपतील एवढ्याच बाटल्या ठेवाव्यात. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच ओले राहते. स्क्रू कॅपच्या उभ्या राहिल्या तरी बिघडत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेबलावर बुरशी चढते; ती दिसायला वाईट असली तरी वाईनला अपाय करत नाही.

खरेदी करताना लेबलावरचे साल वाचायला शिकणे सर्वांत उपयोगी. नाशिककडे द्राक्षवेलीची छाटणी दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते, तर युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एकाच सालाची नाशिकची व्हाइट वाईन फ्रेंच वाईनपेक्षा अर्ध्या वर्षाने थोरली असते. नाशिकची बहुतेक शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ ताजीच प्यायची वाईन आहे. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातल्या वूव्रेची शेनिन दशकानुदशके टिकते, म्हणून नाशिकची टिकेल असे नाही. व्हाइट आणि रोझे शक्यतो चालू किंवा मागच्या सालाचीच घ्यावी. जुनी म्हणजे चांगली, हा समज बाजारातल्या बहुसंख्य बाटल्यांना लागू नाही. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त, गोड लाल वाईनला तर मुळीच नाही.

मुरवायला ठेवण्याजोगी असते ती टॅनिन भरपूर असलेली, लाकडी पिंपात काही काळ राहिलेली रेड. सुलाची रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजोव्हेसे आणि कॅबर्नेच्या मिश्रणाची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही त्यातली ओळखीची नावे. बारांपैकी चारच अशा असाव्यात आणि त्याही एकाच वाईनच्या दोन-दोन. एक यंदा उघडावी, दुसरी दोन-तीन वर्षांनी, आणि दोन्हींची चव वहीत टिपावी. मुरणे म्हणजे काय हे वेगवेगळ्या चार महाग बाटल्यांपेक्षा अशा जोडीतून लवकर कळते. उरलेल्या आठांत तीन-चार व्हाइट, एखादी रोझे, एक-दोन स्पार्कलिंग आणि रोजच्या जेवणासोबतच्या हलक्या रेड बसतात. संपलेल्या बाटलीच्या जागी नवी येत राहिली की साठा जिवंत राहतो. शक्य तिथे वायनरीतूनच खरेदी करावी, कारण दुकानाच्या गोदामात बाटलीने किती ऊन सोसले, ते लेबलावर लिहिलेले नसते.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि जवळ किती ठेवता येईल यालाही मर्यादा असते. वाईनसाठी किमान वय २१ आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तिथे असा साठा करताच येत नाही.

उघडलेली बाटली, रेड असली तरी, बूच लावून फ्रिजमध्येच ठेवावी. व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड तितकीच किंवा थोडी कमी टिकते. स्पार्कलिंगला घट्ट बसणारे खास झाकण लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यातले बुडबुडे गेलेले असतात.