स्कूटरचे सुटलेले चुंबक : बदलावे की चिकटवावे?

१/१२ इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा थ्रेड किल्ल्यांवर नाही आणि ताम्रपटांवरही नाही. तो आहे पन्नास वर्षांपूर्वीच्या स्कूटरच्या इंजिनात सैल झालेल्या चुंबकांविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या वस्तूचे नेमके काय जतन करायचे, हा आपणा सर्वांचा प्रश्न त्यात आहे.

२/१२ थोडी पार्श्वभूमी. १९४८ पासून बजाज समूहाने व्हेस्पाची आयात सुरू केली. १९५० च्या दशकात मुंबईतच ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी लॅम्ब्रेटा जुळवू लागली. १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना आली. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींसमोर ज्या दुचाकी उभ्या राहत, त्यांत ही नावे हमखास असत.

३/१२ या लहान इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरीची गरज नसे. फ्लायव्हीलच्या कडेला आतून चुंबके बसवलेली असत. चाक फिरले की ती स्थिर कॉइलींभोवती फिरत आणि वीज निर्माण होई. नेमक्या क्षणी पॉइंट उघडला की प्लगमध्ये ठिणगी पडे. गॅरेजमध्ये तर या सबंध चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात.

४/१२ ही यंत्रणा किरकोळ समजू नका. जर्मनीत बॉश कंपनीने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनची मॅग्नेटोची गरज जवळजवळ सर्वस्वी जर्मन मालावर अवलंबून होती. शत्रूचा माल बंद झाल्यावर विमानांसाठी आणि मोटारींसाठी हा उद्योग घाईघाईने घरी उभारावा लागला.

५/१२ आता दुखणे. काही चाकांत चुंबके स्क्रूने वा रिव्हेटने बसवलेली असतात, काहींत चिकटवलेली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि मुंबईच्या दमट हवेतील गंजाने चिकट थर सुटतो. फिरताना चुंबक कडेवरच दाबले जाते, म्हणून ते लगेच निखळत नाही. ते सरकते. शेजारच्या चुंबकांच्या ओढीने किंवा ढकलण्याने त्याची जागा बदलते.

६/१२ जागा बदलली की पॉइंटचे टायमिंग अचूक असूनही ठिणगी अशक्त पडते, कारण पॉइंट उघडण्याच्या क्षणी चुंबकीय बदल ऐन भरात नसतो. गाडी थांबली की सैल चुंबक आतल्या बाजूला कॉइलवर कलंडते आणि पुढच्या किकला तिचे वेटोळे खरवडून काढते. खरखर ऐकू आली की थांबावे.

७/१२ उपाय अवघड नाही, पण शिस्तीचा आहे. चाक पुलरनेच काढावे. हातोड्याच्या घावाने चुंबकत्व क्षीण होते आणि क्रँकलाही इजा पोहोचते. काही हलवण्याआधी प्रत्येक चुंबकाची जागा खुणेने आखावी आणि होकायंत्राने ध्रुव तपासून लिहून ठेवावेत. उत्तर-दक्षिण हा आलटून-पालटून येणारा क्रम चुकला, तर सगळे श्रम वाया.

८/१२ मग जुना थर आणि गंज खरवडावा, पृष्ठभाग पॉलिश पेपरने किंचित खरबरीत करून अ‍ॅसिटोनने पुसावा. उष्णता सोसणाऱ्या एपॉक्सीचा पातळ थर द्यावा. थर जाड झाला तर चुंबक कॉइलला घासेल. चुंबक मूळ खुणेवर दाबून बसवावे आणि थर पुरता वाळेपर्यंत हात लावू नये. शेवटी चाक हाताने फिरवून अंतर सगळीकडे मोकळे आहे ना, हे पाहावे.

९/१२ एवढा खटाटोप करण्यापेक्षा अनेक जण जुने चाक भंगारात देतात आणि १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक संच बसवतात. दिवा प्रखर होतो, पॉइंट घासण्याची कटकट संपते. रोज दादरहून कामाला जाणाऱ्याने तसे केले, तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु तीच गाडी ‘अस्सल जुनी’ म्हणून प्रदर्शनात उभी राहिली, तर माझी हरकत आहे.

१०/१२ हरकतीचे कारण गिरणगावात उभे आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात राखली गेली. पण एका कामगाराने एका पाळीत काय केले, हे चिमणी सांगू शकत नाही. ते सांगणारे माग बहुतेक गिरण्यांतून भंगारात गेले. आपण आकार सांभाळला आणि कृती गमावली. चकचकीत रंगाच्या आत नवा संच ठेवलेली स्कूटर हीच चूक लहान प्रमाणावर करते.

११/१२ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. १९७२ ची वाहने आता त्या उंबरठ्याच्या आत आली आहेत. म्हणजे ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न यापुढे दरवर्षी नव्या गाड्यांपुढे उभा राहणार. माझ्या मते चिकटवलेले जुने चुंबक मूळच आहे. डागडुजी हाही त्या वस्तूचा इतिहास असतो, मात्र तो लिहून ठेवलेला हवा.

१२/१२ म्हणून तीन विनंत्या. संच बसवलाच, तर जुने चाक जपून ठेवा. दुरुस्ती केली, तर तारीख, छायाचित्र आणि काय वापरले याची नोंद गाडीच्या कागदांत ठेवा. आणि पॉइंटचे अंतर नुसत्या नजरेने ओळखणारा एखादा वृद्ध मेकॅनिक तुमच्या गल्लीत असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ बसा, त्याचे हात पाहा, विचारा आणि टिपून घ्या. सुटे भाग पुन्हा बनवता येतील. त्याचे ज्ञान तो आहे तोवरच उपलब्ध आहे.