भुईकाटा आला, तोलाई कुठे गेली?

चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा पुकारा झाला की ट्रॅक्टर भुईकाट्याची वाट धरतो. भरल्या गाडीचं वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, मग रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी होऊन छापील पावती हातात पडते. पासंगाची भानगड नाही, दांडी मारल्याचा वहीम नाही. शेतकऱ्याचं यात भलंच झालं, यात वाद नाही.

पण हेच वजन पूर्वी मापारी करायचा आणि त्याच्या मजुरीचं नाव तोलाई. काम काट्याकडे गेलं, तोलाईचा प्रश्न मात्र मागे राहिला. हमाली, तोलाई आणि माथाडी मंडळाची लेव्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की नाही, यावरून एप्रिल 2024 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या अनेक बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. वजन यंत्राने केलं, मग मजुरी मी का देऊ, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त. यंत्र आलं म्हणून आम्ही जायचं कुठे, हा मापाऱ्याचा सवालही रास्त. यंत्रामुळे वाचलेला पैसा नेमका कोणाच्या खिशात गेला, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. यंत्रांचीच पुढची पायरी असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या चकचकीत परिसंवादांतही हा प्रश्न विचारला जात नाही.

काट्यासारखंच मोबाइलचं. मोबाइलवर भाव आला म्हणजे शेतकरी बलवान झाला, असं सांगणारे बरेच भेटतात. लासलगाव, पिंपळगावचा दर आता घरबसल्या कळतो, खरंय. पण ज्याची कांदा साठवायची चाळ भक्कम आहे तो थांबतो. ज्याच्या दारात सोसायटीच्या कर्जाचा तगादा आहे तो दर पाहूनही त्याच दिवशी विकतो.

आता पुन्हा मजुराकडे. मालक एक नाही, काम रोज वेगळं, अशा मजुराचं काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्राने 1969 सालीच शोधलं होतं. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या हमालांच्या लढ्यातून माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुराला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यायची. कायद्याची अंमलबजावणी अनेक ठिकाणी रखडली, बोगस माथाडींनी त्याचं नावही खराब केलं. तरी हमालाला आपला दर ठाऊक असतो. तो बोलणी करून ठरतो आणि पट्टीवर लिहिलेला असतो.

चांदवडहून नाशकात जाऊन पाठीवर पेटी बांधून ॲपवरची जेवणं पोचवणाऱ्या पोराला हे सुख नाही. आजच्या फेरीचे पैसे कालच्यापेक्षा कमी का, हे त्याला सांगणारा माणूसच नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने असे गिग कामगार 2020-21 मध्ये 77 लाख असल्याचा आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असा अंदाज दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप-कंपनीने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यायची आहे. पण ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपुढे जाणार नाही. शिवाय हा झाला निधी. दर कोण ठरवतो, हे कोडं तसंच.

खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांकडे तर ॲपही नाही. कॅमेऱ्याने मालाची प्रतवारी करणारी यंत्रं बाजारात आली आहेत. ती खळ्यावर पोचली की तोलाईचंच भांडण ‘निवडाई’च्या नावाने होईल. त्या बायांची साधी नोंदसुद्धा अनेकदा कुठे नसते. मापाऱ्याजवळ निदान परवाना होता.

राजस्थानने 2023 मध्ये ॲप-कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकाने 2025 मध्ये, कामगाराला मिळणाऱ्या प्रत्येक रकमेवर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क कंपन्यांवर लावलं. माथाडी मंडळाची कल्पना ज्या महाराष्ट्राची, त्याने याहून पुढे जाऊन दर ठरवण्याचं टेबल मांडावं आणि त्या टेबलावर खळ्यावरच्या बायांनाही खुर्ची द्यावी. आपल्या आमदारांना भेटाल तेव्हा रस्ते, पाणी, कांद्याचा भाव यांच्या जोडीने एवढं जरूर विचारा.