शब्दकोड्यांतील परका खड्डा

‘गोल्फच्या मैदानांतील वाळूचा खड्डा, तीन अक्षरें’ असा संकेत मराठी शब्दकोड्यांत द्यावयाचा आणि ‘बंकर’ हें उत्तर मागावयाचें, ही चाल आम्हांस मान्य नाहीं. परक्या शब्दाचा आम्हांस विटाळ नाहीं. त्या खड्ड्याचें नांवच तें. पण हा खेळ ज्यानें पाहिला नाहीं, त्यानें कितीही डोकें खाजविलें तरी उत्तर सुचावें कोठून?

अडथळाच विचारावयाचा, तर ‘खंदक’ हींही तीनच अक्षरें. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकानें देवगिरीचा खडकांत कोरलेला खंदक डोळ्यांनीं पाहिलेला असतो. खेळांतलाच अडथळा हवा असेल, तर आट्यापाट्यांकडे वळा. तेथें आडव्या पाट्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी असते. मग संकेत असा करा : ‘गवई लावतो, पोहणारा मारतो, आट्यापाट्यांत वाट अडवितो, दोन अक्षरें.’ उत्तर ‘सूर’. पहिल्या दोन अर्थांवरून कोणीही तेथें पोंचतो, आणि तिसरा अर्थ त्याच्या पदरीं नवा पडतो. अंगणांतून मागें पडलेल्या खेळाचा एक शब्द तरी असा वांचतो.

कोडेंकारांनो, अडथळे अवश्य रचा. परंतु ते ओलांडण्याची वाट मराठींतून जाऊं द्या.